न्यूट्रोफिल घातल्यावर बायोफिल्म कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते, असं का?

पाषाणरोड

नमस्कार. पुण्यात एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पाचा विषय आहे स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूची बायोफिल्म (पृष्ठभागाला चिकटून चिकट थरात राहणारी वस्ती) आणि माणसाच्या रक्तातले न्यूट्रोफिल (जिवाणू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी).

पद्धत अशी: पीएओ१ स्ट्रेन (प्रयोगशाळेतला नेहमीचा वाण) एलबी या पोषक द्रवात रात्रभर वाढवून १:१०० विरळ करते, ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) पॉलिस्टायरिन प्लेटमध्ये प्रत्येकी २०० मायक्रोलिटर, ३७ अंशाला २४ तास. मग दोनदा पीबीएस बफरने धुऊन आरपीएमआय (पेशींसाठीचं माध्यम) अधिक १०% ताजं मानवी सीरम, आणि त्यात मिलिलिटरला दहा लाख या हिशेबाने न्यूट्रोफिल. पुन्हा २४ तास. त्यानंतर ०.१% क्रिस्टल व्हायोलेट १५ मिनिटं, धुणं, ३०% अॅसेटिक अॅसिडमध्ये रंग सोडवून ५९० नॅनोमीटरला रीडिंग.

अपेक्षा होती की पांढऱ्या पेशी जिवाणू खातील आणि ओडी (रंगाच्या गडदपणाचं रीडिंग) उतरेल. दर वेळी उलटंच होतं. न्यूट्रोफिल असलेल्या वेलमध्ये रंग नुसत्या बायोफिल्मच्या जवळजवळ दीडपट भरतो. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळे गुठळ्यांसारखे पुंजके आणि धागे दिसतात. तुलनेची वेल एलबीमधलीच ठेवली आहे.

हा मोजण्यातला दोष आहे, की न्यूट्रोफिलमुळे बायोफिल्म खरोखर वाढते? आणि गाइडना दाखवण्याजोगा आकडा मिळवायचा तर नेमकं काय मोजावं?

---

वेताळटेकडी

दोन्ही गोष्टी असू शकतात, पण आत्ताच्या मांडणीत त्या वेगळ्या करता येणार नाहीत. आधी मोजण्याचं बघू.

क्रिस्टल व्हायोलेट हा धनभारित रंग आहे. ऋणभार असलेल्या कशालाही तो चिकटतो: जिवंत जिवाणू, मेलेले जिवाणू, त्यांच्याभोवतीचा चिकट थर आणि डीएनए. न्यूट्रोफिल मेला की त्याचा डीएनए बाहेर पडतो आणि माणसाच्या एका पेशीतला डीएनए हा काही थोडा नसतो. पीएओ१चा जीनोम साधारण ६३ लाख बेसजोड्यांचा, माणसाच्या पेशीतला सुमारे ६४० कोटींचा. म्हणजे एका न्यूट्रोफिलमध्ये हजार जिवाणूंइतका डीएनए. तुम्ही एका वेलमध्ये दोन लाख न्यूट्रोफिल घालता आहात, म्हणजे वीस कोटी जिवाणूंइतका डीएनए पिपेटने ओतता आहात. रंग वाढणारच.

दुसरं, २४ तास. रक्तातून वेगळे काढलेले न्यूट्रोफिल प्लेटमध्ये दिवसभर तग धरत नाहीत. जिवाणू नसले तरी एका दिवसात बहुतेक पेशी मरणाच्या वाटेला लागतात, स्यूडोमोनास असेल तर त्याआधीच. त्यामुळे २४ तासांच्या रीडिंगमध्ये न्यूट्रोफिलची कामगिरी नसते, त्यांचे अवशेष असतात. कामगिरी बघायची तर ३० मिनिटं, २ तास आणि ४ तास या वेळा घ्या. २४ तासही ठेवा, पण तो वेगळा प्रश्न आहे हे लिहून ठेवा.

तिसरं, तुलनेची वेल एलबीमधली आणि प्रयोगाची वेल आरपीएमआय-सीरममधली, हे चालणार नाही. माध्यम बदललं की बायोफिल्म बदलते. नुसत्या बायोफिल्मच्या वेलनाही त्याच दिवशी, त्याच वेळी, तेच माध्यम आणि तेच सीरम द्या.

आता मोजायचं काय? जिवंत जिवाणू, म्हणजे सीएफयू (आगरवर उगवणाऱ्या वसाहतींची संख्या). इथे मात्र एक सापळा आहे आणि तो क्रिस्टल व्हायोलेटच्या बरोबर उलट्या दिशेने फसवतो. न्यूट्रोफिलचा डीएनए जिवाणूंना एकत्र बांधतो. पन्नास जिवाणूंच्या गुठळीतून आगरवर एकच वसाहत उगवते, आणि न्यूट्रोफिलने जिवाणू मारले असं वाटतं. 'जाळ्यांनी (न्यूट्रोफिलने बाहेर टाकलेल्या डीएनएच्या धाग्यांनी) जिवाणू मारले' असं सांगणाऱ्या प्रयोगात गुठळ्या फोडल्या होत्या का, हे आधी तपासावं.

गुठळी फोडण्यासाठी असं करा. वेलमधला द्रव वेगळ्या ट्यूबमध्ये काढा (तो फेकू नका, सुटलेले जिवाणू त्यात आहेत, त्यांची मोजणी वेगळी करा). वेल हलक्या हाताने एकदा धुवा. डीएनेज-१ (डीएनए कापणारं एन्झाइम), मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम, ३७ अंशाला २० मिनिटं. याला मॅग्नेशियम आणि कॅल्शियम दोन्ही लागतात, ईडीटीए असलेल्या बफरमध्ये ते निरुपयोगी ठरतं. मग डीएनेज काढून घ्या, तो द्रवही सुटलेल्या जिवाणूंच्या मोजणीत धरा. त्यानंतर पीएच ११ केलेलं निर्जंतुक पाणी २०० मायक्रोलिटर, ५ ते १० मिनिटं. यात न्यूट्रोफिल फुटतात आणि पोटातले जिवाणू बाहेर येतात. साध्या पाण्यात ते नीट फुटत नाहीत, आकडा कमी येतो. वेलचा तळ टिपने खरवडा, सगळं ट्यूबमध्ये घ्या, पाण्याच्या सोनिकेटरमध्ये ५ मिनिटं, मग एक मिनिट व्हॉर्टेक्स. दसपट विरळणं करून प्लेटिंग. पहिल्या विरळणातला एक थेंब काचेवर घेऊन ग्रॅम स्टेन करून बघा. अजून पुंजके दिसत असतील तर तो आकडा लिहू नका.

सोबत तरंगत्या जिवाणूंची एक ट्यूब याच सगळ्या पायऱ्यांतून न्या. सोनिकेटरने किंवा पीएच ११ने तुमचे जिवाणू मरत नाहीत ना, हे त्यातूनच कळेल.

---

मुळाकाठ

वेताळटेकडी यांच्या मोजण्याच्या मुद्द्यांशी सहमत. तरी 'फक्त दोष आहे' असा निष्कर्ष कोणी काढू नये म्हणून लिहितो. स्यूडोमोनास न्यूट्रोफिलच्या अवशेषांचा उपयोग करून खरोखरच अधिक दाट बायोफिल्म बांधतो. मेलेल्या न्यूट्रोफिलमधून डीएनए आणि अॅक्टिन बाहेर येतात, दोन्ही मिळून धाग्यांचा सांगाडा होतो आणि जिवाणू त्यावर बसतात. तुम्हाला दिसलेले पुंजके आणि धागे याच्याशी जुळतात.

यामागे क्रम आहे. न्यूट्रोफिलचा व्यास १० ते १२ मायक्रॉन. एकटा जिवाणू तो सहज गिळतो. फुफ्फुसातल्या कफात सापडणारे जिवाणूंचे पुंजके मात्र काही मायक्रॉनपासून शंभर-दोनशे मायक्रॉनपर्यंतचे असतात. न्यूट्रोफिल पुंजक्याला चिकटतो, पसरतो, गिळता येत नाही म्हणून आपली एन्झाइमं आणि ऑक्सिजनची जहाल संयुगं बाहेरच ओततो. पुंजक्याच्या पृष्ठभागावरचे काही जिवाणू मरतात, पण एन्झाइमांचा मारा शेजारच्या ऊतींवर होतो. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये (घट्ट कफामुळे फुफ्फुसात जुनाट संसर्ग होणारा आनुवंशिक आजार) फुफ्फुस झिजतं ते जिवाणूंच्या विषापेक्षा या माऱ्याने जास्त.

त्याच वेळी पुंजक्यातले जिवाणू एकमेकांची संख्या ओळखून (कोरम सेन्सिंग, म्हणजे लास आणि आरएचएल या यंत्रणा) रॅम्नोलिपिड सोडतात. हे साबणासारखे रेणू न्यूट्रोफिलचं आवरण फोडतात. पेशी शिस्तीत मरत नाही, फुटून मरते. शिस्तीत मेली असती तर मॅक्रोफेज या सफाई करणाऱ्या पेशीने तिला उचलून नेलं असतं. फुटली की आतलं सगळं तिथेच सांडतं आणि सांगाड्याला माल मिळतो.

हे तुमच्या प्रकल्पात तपासता येईल. आरएचएलए (रॅम्नोलिपिड बनवणारं) जनुक बंद असलेला म्युटंट मिळाला तर उत्तम: त्याच्या बायोफिल्मवर न्यूट्रोफिल जास्त वेळ जिवंत राहायला हवेत. नाही मिळाला तर पीएओ१च्या रात्रभराच्या कल्चरचं वरचं पाणी ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून गाळा, १०% आणि २५% प्रमाणात न्यूट्रोफिलवर घाला आणि अर्ध्या तासाने ट्रायपॅन ब्ल्यू (मेलेल्या पेशींत शिरणारा रंग) किंवा एलडीएच (फुटलेल्या पेशीतून सांडणारं एन्झाइम) बघा. तेच पाणी उकळून पुन्हा करा. रॅम्नोलिपिड उष्णतेला टिकतात, प्रथिनं सहसा टिकत नाहीत. उकळल्यावरही पेशी फुटत असतील तर संशय रॅम्नोलिपिडवर. सोबत ताज्या एलबीची वेल ठेवायलाच हवी.

आणखी एक गोष्ट सहसा सुटते, ती म्हणजे ऑक्सिजन. न्यूट्रोफिल चेतावला की सुपरऑक्साइड बनवण्यासाठी आसपासचा ऑक्सिजन झपाट्याने संपवतो. सिस्टिक फायब्रोसिसच्या कफात ऑक्सिजन जवळजवळ नसतो त्याचं मोठं कारण जिवाणू नाहीत, न्यूट्रोफिल आहेत. ऑक्सिजन नसला की जिवाणू हळू वाढतात, आणि टोब्रामायसिनसारखी अमिनोग्लायकोसाइड औषधं त्यांच्या आत शिरायला लागणारा आवरणावरचा विद्युतभार कमी पडतो. म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेच्या हालचालीमुळेच औषधाचा जोर घटतो. हे इतक्या स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतं, म्हणून मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

प्रतिपिंडांचीही तीच गत. अशा रुग्णाच्या रक्तात स्यूडोमोनासविरुद्ध आयजीजी हे प्रतिपिंड भरपूर असतं, इतकं की डेन्मार्कमध्ये नील्स हॉयबी यांच्या गटाने त्याचा उपयोग जुनाट संसर्ग ओळखायला केला. पण ते बायोफिल्मच्या आत पोहोचून काम करत नाही. बाहेरच प्रतिजनाशी गुंता होतो, त्या गुंत्यावर कॉम्प्लिमेंट (जंतूंवर बसणारी रक्तातली संरक्षक प्रथिनं) बसतं आणि आणखी न्यूट्रोफिल बोलावले जातात. ज्याच्या अंगात प्रतिपिंड जास्त त्याची तब्येत अधिक खालावलेली, असं चित्र दिसतं. अल्जिनेट या स्यूडोमोनासच्या थरातल्या साखरेच्या रेणूवर अॅसिटिल गट असतात, त्यामुळे कॉम्प्लिमेंटला नीट पकड मिळत नाही. पीएसएल हा दुसरा साखरेचा थरही कॉम्प्लिमेंटमधल्या सी३चं बसणं कमी करतो.

स्टॅफिलोकॉकस ऑरियसची तऱ्हा निराळी. तो न्यूक्लिएजने न्यूट्रोफिलची जाळी कापतो आणि अॅडिनोसिन सिंथेज या एन्झाइमने त्या तुकड्यांपासून डीऑक्सिअॅडिनोसिन बनवतो. ते मॅक्रोफेजसाठी मारक असतं. गळवाच्या आतल्या भागात मॅक्रोफेज का शिरत नाहीत, याचं एक उत्तर इथे आहे. बायोफिल्मजवळ पोहोचलेले मॅक्रोफेजही बऱ्याचदा लढण्याऐवजी जखम भरणाऱ्या वळणाचे होतात, आणि उंदरांमधल्या इम्प्लांटच्या प्रयोगांत आयएल-१० (दाह शमवणारा रेणू) स्रवणाऱ्या, इतर पेशींना दाबणाऱ्या मायलॉइड पेशी मोठ्या संख्येने सापडतात. त्यामुळे तुमच्या निकालांवरून 'बायोफिल्म' असं सरसकट लिहू नका, 'स्यूडोमोनास पीएओ१ची २४ तासांची बायोफिल्म' असं लिहा. कोवळी आणि मुरलेली यांतही फरक पडतो.

जाळी नेहमी घातक असतात असंही नाही. उंदराच्या डोळ्यातल्या संसर्गात न्यूट्रोफिलची जाळी बायोफिल्मबाहेर भिंत धरतात आणि स्यूडोमोनासला मेंदूकडे जाऊ देत नाहीत. भिंतीआड जिवाणू टिकतो, पण रोगीही वाचतो.

---

कोथरूडकर

रुग्णालयाच्या बाजूने थोडं. हाडं आणि सांध्यांच्या इम्प्लांटमध्ये हा प्रश्न रोजचा आहे. १९५७ साली एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत स्टॅफिलोकॉकस टोचून दाखवलं होतं की नुसत्या टोचणीने पू व्हायला लाखो जिवाणू लागतात, पण रेशमी टाका असेल तर काही शे पुरतात. परक्या वस्तूभोवती न्यूट्रोफिल दमतात, त्यांची मारण्याची ताकद घटते. वस्तू शरीरात गेल्या गेल्या तिच्यावर फायब्रिनोजेन, फायब्रोनेक्टिन, अल्ब्युमिन यांचा थर बसतो आणि स्टॅफिलोकॉकसकडे नेमके त्यांना पकडणारे रेणू असतात. म्हणून कोऱ्या पॉलिस्टायरिनवरची बायोफिल्म ही शरीरातल्या स्थितीपासून दूर आहे. स्टॅफिलोकॉकस वापरणाऱ्यांनी वेलला आधी २०% मानवी प्लाझ्माचा थर द्यावा, ४ अंशाला रात्रभर.

नमुन्यांबद्दल: रुग्णाची प्रकृती परवानगी देत असेल तर नमुना घेण्याआधी दोन आठवडे अँटिबायोटिक बंद हवं. शस्त्रक्रियेत वेगवेगळ्या जागांचे किमान तीन, शक्यतो पाच-सहा ऊतींचे तुकडे, प्रत्येकाला वेगळं साहित्य. काढलेलं इम्प्लांट फॉर्मॅलिनमध्ये टाकू नये, निर्जंतुक डब्यात रिंगर लॅक्टेटसह सोनिकेशनला पाठवावं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ट्रॅम्पुझ यांच्या अभ्यासात सोनिकेशनच्या द्रवाची संवेदनशीलता ७८.५% आली, ऊतींच्या कल्चरची ६०.८%. कल्चर १४ दिवस ठेवावं, नाहीतर क्युटिबॅक्टेरियम हा मंद वाढणारा जंतू निसटतो. सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) ठीक आहे म्हणून संसर्ग नाही असं धरू नये. मंद जंतूंच्या बायोफिल्ममध्ये तो नॉर्मल असू शकतो.

रिफाम्पिसिन स्टॅफिलोकॉकसच्या बायोफिल्मवर चांगलं चालतं, पण कधीही एकटं द्यायचं नाही. आरपीओबी जनुकातल्या एका बदलाने प्रतिकार येतो, आणि जिवाणूंची संख्या अफाट असताना असा बदल झालेला जिवाणू तिथे आधीच असतो. आधी शस्त्रक्रियेने ढीग कमी करायचा, मग सोबतीच्या औषधाबरोबर सुरू करायचं. हे क्षयाचंही औषध असल्यामुळे आपल्याकडे त्याआधी क्षयरोग नाही हे बघणं आवश्यक आहे.

मधुमेही पायाच्या जखमेत वरवरचा स्वॅब घेऊन उपयोग होत नाही. मेलेली ऊती खरवडून काढल्यावर खालचा तुकडा पाठवावा. खरवडल्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस बायोफिल्म कोवळी असते, औषधाला तेव्हाच सर्वात जास्त वाव मिळतो.

एक धोका लक्षात असू द्या. बायोफिल्म विरघळवणाऱ्या एन्झाइमबद्दल बरंच लिहिलं जातं. उंदरांच्या जखमांवरच्या प्रयोगांत असं एन्झाइम अँटिबायोटिकशिवाय दिलं तेव्हा सुटलेले जिवाणू रक्तात पसरून सेप्सिस झाल्याचं दिसलं आहे.

---

पाषाणरोड

सगळ्यांचे मनापासून आभार, हे छापून भिंतीवर लावते आहे.

आमच्याकडे कॉन्फोकल नाही. साधा फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शक, प्लेट रीडर आणि रिअल टाइम पीसीआर आहे. न्यूट्रोफिलच्या जाळ्यांसाठी सिट्रुलिनेटेड हिस्टोनची अँटिबॉडी बजेटमध्ये बसत नाही. मग डीएनए जिवाणूचा की माणसाचा, हे कसं ठरवू? शिवाय रक्त वर्गातल्या मैत्रिणींकडून घेतलं तर चालेल का? आतापर्यंत एका कलेक्शन सेंटरमधून ट्यूब येतात.

---

वेताळटेकडी

पीसीआर असेल तर अँटिबॉडीपेक्षा स्वच्छ उत्तर मिळेल. माणसाच्या अॅलू अनुक्रमाचे प्रायमर आणि स्यूडोमोनासच्या ओपीआरएल जनुकाचे प्रायमर, दोन्हींचे प्रमाणित वक्र काढा. प्रत्येक वेलमध्ये कुणाचा डीएनए किती, हे नॅनोग्रॅममध्ये सांगता येईल. अॅलू माणसाच्या जीनोममध्ये लाखो प्रतींत असल्यामुळे हातमोज्यावरच्या धुळीतूनही सिग्नल येतो. पाण्याची कोरी ट्यूब प्रत्येक रनमध्ये हवीच.

सूक्ष्मदर्शकासाठी कव्हरस्लिपवर बायोफिल्म वाढवा, डीएपीआय आणि प्रोपिडियम आयोडाइड हे डीएनए रंगवणारे रंग वापरा. बाहेर सांडलेला डीएनए दिसेल, पण जिवाणूंचाही दिसेल, म्हणून फोटोवरून जाळी मोजू नका. जाळ्यांचा सकारात्मक नमुना म्हणून नुसत्या न्यूट्रोफिलवर पीएमए (त्यांना चेतवणारं रसायन) ५० नॅनोमोलर, ३ ते ४ तास. आणि हा भाग सीरमशिवाय करा. सीरममध्ये डीएनए कापणारी एन्झाइमं असतात, ती जाळी खातात. ५६ अंशाला ३० मिनिटं तापवलं की कॉम्प्लिमेंट जातं, पण ही एन्झाइमं पूर्ण जात नाहीत. सीरमऐवजी ०.५% मानवी अल्ब्युमिन वापरा.

प्लेटची मांडणी: कडेच्या ३६ वेलमध्ये फक्त निर्जंतुक पाणी. तिथे बाष्पीभवन जास्त होतं, आणि एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत इन्क्युबेटरमध्ये पाण्याचा ट्रे नसेल तर आतल्याही वेल आटतात. आतल्या ६० वेल म्हणजे दहा उभे स्तंभ, प्रत्येकात सहा. स्तंभ असे: १. नुसतं आरपीएमआय; २. आरपीएमआय अधिक सीरम; ३. बायोफिल्म, ४. बायोफिल्म अधिक न्यूट्रोफिल, ५. नुसते न्यूट्रोफिल, ६. बायोफिल्म अधिक गोठवून-वितळवून फोडलेले तेवढेच न्यूट्रोफिल, ७. बायोफिल्म अधिक डीएनेज, ८. बायोफिल्म, न्यूट्रोफिल आणि डीएनेज, ९. बायोफिल्म अधिक तापवलेलं सीरम, १०. तेच, न्यूट्रोफिलसह. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत सगळीकडे ताजं सीरम. क्रिस्टल व्हायोलेटची प्लेट वेगळी, सीएफयूची वेगळी, पीसीआरची वेगळी.

सहावा स्तंभ तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर देईल. तिथे रंग चौथ्याइतकाच वाढला तर जिवंत न्यूट्रोफिलची गरजच नव्हती. आणि तिथला सीएफयू तिसऱ्यापेक्षा जास्त असेल तर मुळाकाठ म्हणतात तसा अवशेषांचा जिवाणूंना खरोखर फायदा होतो आहे. रंग वाढला आणि सीएफयू तेवढाच राहिला, तर तुम्ही माणसाचा डीएनए रंगवत होता. सातवा स्तंभ विसरू नका: स्यूडोमोनास स्वतःचाही डीएनए थरात वापरतो, कोवळी बायोफिल्म नुसत्या डीएनेजनेही सुटते. तो स्तंभ नसेल तर आठव्याचा अर्थ लागत नाही.

ओडी २च्या वर जात असेल तर ३०% अॅसेटिक अॅसिडनेच विरळ करून पुन्हा वाचा, आणि रंग नव्या सपाट तळाच्या प्लेटमध्ये काढूनच वाचा.

आता न्यूट्रोफिल. कलेक्शन सेंटरची ट्यूब शिवाजीनगरहून पाषाणला डिकीत हादरत येते, कधी बर्फात ठेवलेली असते. दोन्हींनी पेशी आधीच चेतवलेल्या होतात. रक्त तुमच्याच आवारात, प्रशिक्षित माणसाने काढावं आणि तासाभरात काम सुरू व्हावं. १.०७७ घनतेच्या फायकोलवर (पेशींचे थर वेगळे करणारा द्रव) ४०० जी, ३० मिनिटं, खोलीच्या तापमानाला, सेंट्रिफ्यूजचा ब्रेक बंद. ब्रेक चालू राहिला तर थर ढवळतात. तळाच्या लाल थरात न्यूट्रोफिल असतात: ३% डेक्स्ट्रानने लाल पेशी खाली बसू द्या, २० ते ३० मिनिटं. उरलेल्या लाल पेशींसाठी ०.२% मीठपाणी, जास्तीत जास्त ३० सेकंद, लगेच तेवढंच १.६% मीठपाणी. तीस सेकंदांवर गेलं की न्यूट्रोफिलही फुटतात आणि पेशी शेवयांसारख्या चिकटू लागतात. तसं झालं तर तो नमुना टाकून द्या, गाळून वापरू नका, कारण डीएनए आधीच सुटलेला असतो. सगळी भांडी प्लास्टिकची, काचेला न्यूट्रोफिल चिकटतात. बफर कॅल्शियम-मॅग्नेशियमविरहित, ते शेवटच्या माध्यमातच मिळू द्या. ट्रायपॅन ब्ल्यूने ९५% जिवंत आणि लिशमन स्टेनने ९५% न्यूट्रोफिल नसतील तर पुढे जाऊ नका. नेहमीच्या रक्तातून मिलिलिटरमागे दहा ते वीस लाख मिळतात, तीन प्लेटना मिळून एक कोटी ऐंशी लाख लागतात, तेव्हा वीस मिलिलिटर रक्त धरा.

सीरम छोट्या भागांत उणे ८०ला, बर्फावर वितळवायचं, पुन्हा गोठवायचं नाही. कॉम्प्लिमेंट त्यानेच जातं.

---

मुळाकाठ

रक्तदात्यांबद्दल. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि लेखी संमतीशिवाय एक ट्यूबही नको. आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं विद्यार्थ्यांना दबावाखाली येऊ शकणाऱ्या गटात धरतात, म्हणून स्वतःच्या विभागातल्या ज्युनियरकडून, विशेषतः गाइडच्या विद्यार्थ्यांकडून घेऊ नका. दुसऱ्या विभागातले, ज्यांचे गुण तुमच्या गाइडच्या हातात नाहीत असे दाते बघा. सर्दी-ताप, गेल्या दोन आठवड्यांत अँटिबायोटिक किंवा स्टिरॉइड घेतलेले वगळा. प्रत्येक रक्त संसर्गजन्य आहे असं धरून वर्ग २च्या सुरक्षा कपाटात काम.

आकडेवारीत 'एन' म्हणजे दात्यांची संख्या, वेलची नव्हे. सहा वेल हे एकाच दात्याचं सहा वेळा मोजमाप आहे, त्यांची सरासरी घ्या. दात्यांमध्ये फरक मोठा असतो, म्हणून त्याच दात्याचे सर्व स्तंभ त्याच दिवशी करा आणि जोडीची चाचणी लावा. तीन दाते हा तळ समजा, पाच-सहा असतील तर बरं.

स्ट्रेनसाठी पाषाणलाच एनसीएलमधलं (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम हा सूक्ष्मजीवांचा संग्रह आणि पुण्यातच एनसीसीएसचं (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, त्यांच्या कॅटलॉगमध्ये बघा. पीएओ१ एक्सोएस हे विष बनवतो, एक्सोयू हे पेशी झटपट फोडणारं विष नाही. एक्सोयू असलेला स्ट्रेन घेतलात तर न्यूट्रोफिल फार लवकर फुटतील आणि रॅम्नोलिपिडचा परिणाम वेगळा ओळखता येणार नाही.

---

वेताळटेकडी

कचऱ्याचं राहिलं. जिवाणू असलेल्या प्लेट आधी ऑटोक्लेव्ह, १२१ अंश, मग जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६च्या नियमांप्रमाणे: सूक्ष्मजीव कचरा पिवळ्या पिशवीत, टिप आणि ट्यूब लाल, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात. हायपोक्लोराइटमध्ये बुडवलेलं काहीही ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, क्लोरीन वायू सुटतो. आणि अॅसेटिक अॅसिड हायपोक्लोराइटच्या त्याच बाटलीत ओतू नका, तिथेही तेच होतं. क्रिस्टल व्हायोलेटच्या पाण्यासाठी वेगळा कॅन ठेवा, सिंकमध्ये नाही.

पहिल्या दात्याचे आकडे आले की स्तंभ ३, ४ आणि ६चे सीएफयू आणि ओडी शेजारी शेजारी इथे टाका.